खाणारा सोडून बाकी सगळे

कुठल्याही पंगतीत, कुठल्याही खानावळीत जेवणाऱ्याला निदान "मीठ बरोबर आहे ना?" एवढं तरी विचारतात. वैरण हा एकच पदार्थ असा, की ज्याला तो खायचा आहे तो सोडून बाकी सगळ्यांना त्याबद्दल मत असतं. मालकाला असतं, मालकिणीला त्याच्या उलट असतं, डेअरीच्या सेक्रेटरीला असतं, गुरांच्या डॉक्टरांना असतं. एसटीत शेजारी बसलेला, आयुष्यात शेळीसुद्धा न पाळलेला इसम तर या विषयावर सर्वांत ठाम असतो. म्हैस बोलत नाही, ही त्यातली मोठी सोय.

रब्बीची ज्वारी निघाली की मंगळवेढा-पंढरपूर भागात कडब्याचा बाजार भरतो. तिथे एकदा जाऊन उभं राहावं. गिऱ्हाईक येतं, एक पेंढी उचलतं, हातात तोलतं, हुंगतं, पाचट सोलतं. मग एक धाट कडकन मोडून दाढेखाली धरतं आणि चघळतं. डोळे मिटून. थोड्या वेळाने थुंकतं आणि निकाल देतं, "पांचट हाय." लगेच विकणारा त्याच धाटाचा उरलेला तुकडा घेतो, चघळतो आणि म्हणतो, "आवो, साखर हाय साखर!" मग तिसरा, ज्याचा या व्यवहाराशी काहीएक संबंध नाही, तोही एक कांडी मोडून घेतो. पांढरी टोपी घातलेली तीन पोक्त माणसं भर उन्हात कडबा खात उभी आहेत आणि ज्या म्हशीसाठी हे चाललंय ती घरी दावणीला, हे दृश्य मी अनेकदा पाहिलंय. शेकड्याचा भाव यानंतरच फुटतो.

यात हसण्यासारखं असलं तरी खोटं काही नाही. हैदराबादच्या वैरण बाजारात शास्त्रज्ञांनी मागे एक अभ्यास केला. व्यापारी ज्या कडब्याला जास्त भाव देतात आणि ज्याला कमी, दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत तपासले. निघालं असं, की महाग कडबा खरोखरच जास्त पचणारा होता. म्हणजे लाखो रुपयांची यंत्रं जे आकडे काढत होती ते व्यापाऱ्यांच्या नजरेला आणि दाढेला आधीच ठाऊक होते. ही बातमी मी आमच्या मामांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग त्यांनी यंत्र कशाला घेतलं?"

मामांचं वैरणीवरचं तत्त्वज्ञान दोन वाक्यांचं आहे. मालदांडीचा कडबा म्हणजे कडबा, आणि हायब्रीड आल्यापासून जगाचं बिघडलं. १९६४ साली देशात पहिली संकरित ज्वारी आली. कणीस मोठं, दाणा भरपूर, ताट मात्र बुटकं. शास्त्रज्ञांनी धान्य मोजलं आणि टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्याने धान्य मोजलं, मग कडबा मोजला आणि गप्प बसला. ज्वारीच्या पिकात माणसाचा वाटा कणसाएवढा आणि बाकी ताट जनावराचं, हा जुना करार होता. नव्या वाणात जनावराच्या बाजूची कलमंच कुणी वाचली नव्हती. म्हशीने त्या कडब्याला तोंड लावलं आणि बाजूला केलं, असं मामा सांगतात. बहुधा वैरणीच्या इतिहासात खाणाऱ्याच्या मताची दखल तेवढी एकदाच घेतली गेली. रब्बीच्या पट्ट्यात आजही मालदांडीचं नाव निघतं ते पुष्कळसं तिच्या कडब्यापायी.

खाणाऱ्याचं सगळंच बरोबर असतं असंही नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पाऊस ताणला, पीक सुकलं आणि मग नवे फुटवे आले, की ते जास्तच असतं. माणूस हजार चौकशा करून गवत निवडतो आणि म्हैस दावं तोडून थेट त्याच फुटव्यांवर जाते. याला आमच्याकडे किराळ लागणं म्हणतात आणि त्यात जनावर तासाभरात जातं. तेव्हा म्हशीची जीभ चोखंदळ आहे, पण हुशार आहे असं कुणी समजू नये. चोखंदळपणा आणि हुशारी एकाच डोक्यात राहतील असा नियम माणसांतही नाही.

कडबा घरी आला की त्याची गंज रचतात. पूर्वी सोयरीक जमवायला आलेली मंडळी आधी परसात जाऊन गंज बघून येत. ओसरीवरच्या गप्पांत माणूस वाटेल ते सांगू शकतो, गंज खोटं बोलत नाही. आमच्या एका मावशीचं लग्न गंजीवर ठरलं, असं घरात सांगतात. नवरामुलगा नंतर पाहिला. गंज रचण्याचे जाणकार वेगळे. बुडखे बाहेर, शेंडे आत, मध्यावर उंचवटा, म्हणजे अवकाळी पाऊस आला तर पाणी बाहेरच्या बाहेर जातं. जाणकार वर चढून एकेक पेंढी झेलतो आणि खालून फेकणारे त्याला सूचना करतात. फेकणाऱ्यांपैकी कुणालाही गंज रचता येत नसते.

मग येतो कुट्टीचा प्रश्न. अख्खी पेंढी टाकावी की यंत्रातून बारीक करून घालावी, यावर मामा-मामींमध्ये बरीच वर्षं वाद आहे. शासन मामींच्या बाजूला आहे. अख्खा कडबा टाकला की म्हैस पाला खाते, शेंडा खाते आणि जाड बुडखे पायाखाली तुडवते. गव्हाणीत चघाळ साठते आणि ती उचलायला मामी. कुट्टी केली की निवडायला वाव राहत नाही, नासाडी वाचते. अनुदानात यंत्र आलं, शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे मामा मध्यरात्री कुट्टी करायला उठू लागले आणि त्यांच्या विरोधाला नवी धार चढली. "आख्खा कडबा खाल्ला की जनावराला खाल्ल्यासारखं वाटतं," ते म्हणतात. "भुगा टाकला की त्येला कळतंय का आपण काय खातोय ते?" म्हशीला कळतं. आमची पंढरपुरी म्हैस तलवारीएवढी लांब शिंगं सांभाळत गव्हाणीत तोंड घालते, नाकपुड्यांनी जोरात फुंकर मारते, हलका पाला एका अंगाला करते आणि जड तुकडे तिथेच ठेवते. यंत्राने केलेलं सगळं काम ती एका श्वासात उलटवते. तेव्हापासून मामा त्या म्हशीला आपल्या पक्षाची समजतात.

म्हशीचं पोट ही चीज खरोखर विचार करण्यासारखी आहे. चार कप्पे; पैकी पहिला, मोठ्या जनावरात, शंभर लिटरहून जास्त मावेल असा. खाताना ती चावत बसत नाही. आधी भराभर आत टाकायचं, नंतर सावलीत बसून थोडं थोडं तोंडात परत आणायचं आणि सावकाश चावायचं. दिवसाचे सहा-आठ तास ती रवंथात घालवते. आत कोट्यवधी जिवाणू बसलेले असतात. गवताच्या काडीतला जो कठीण भाग कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतःच्या बळावर पचत नाही, तो ते कुजवतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून तज्ज्ञ सांगतात, की शंभर किलो निकृष्ट पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात कालवून शिंपडा, दाबून झाकून ठेवा आणि एकवीस दिवसांनी उघडा. युरियातल्या नत्रावर जिवाणू पोसतात, त्यातून स्वतःची प्रथिनं करतात, आणि पुढच्या कप्प्यात म्हैस त्या जिवाणूंनाच पचवते. हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी म्हस न्हाई जेवत. तिच्या पोटातली भाडेकरू जेवत्यात."

"हो."

"आन मग ती भाडेकरूंला खाती."

"हो."

"लई चांगली पद्धत हाय," मामा म्हणाले. त्यांच्या गावातल्या जुन्या वाड्यात एक भाडेकरू वीस वर्षं ठाण मांडून बसला आहे.

तज्ज्ञांचा आणखी एक सल्ला मला फार आवडतो. डोंगरातलं गवत निम्मं फुलोऱ्यावर आलं की कापावं, तेव्हा त्यात सत्त्व सर्वाधिक असतं. अगदी खरं. फक्त घोडं इथे पेंड खातं, की आपल्याकडे गवत फुलोऱ्यावर येतं ते ऐन सप्टेंबरात, म्हणजे पाऊस चालू असताना. कापलेलं वाळवणार कुठे? मग लोक दिवाळी होऊ देतात, भाताची कापणी होऊ देतात आणि सवडीने विळा घेऊन डोंगरावर जातात. तोवर बी गळून गेलेलं, प्रथिनं गेलेली, उरलेली फक्त काडी. त्यात कुसळी असेल तर ती या वेळेपर्यंत हत्यारबंद झालेली असते. तिचं कुसळ दमट हवेत पीळ सोडतं, कोरड्या हवेत पुन्हा घेतं आणि असं फिरत फिरत मोज्यातून, धोतरातून, मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत शिरतं. फुलोऱ्याआधी हेच गवत जनावर आवडीने खातं. नंतर गवतच जनावराला टोचतं.

गवताच्या सल्ल्याला बाजारभाव आला तो नेपियरमुळे. हे मूळचं आफ्रिकेतलं हत्ती गवत. आपल्या लोकांनी त्याचा बाजरीशी संकर केला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांना 'यशवंत' आणि 'जयवंत' अशी घरंदाज नावं दिली. एकाच घरातले, मोठा पोलिसात आणि धाकटा तलाठी, असे वाटणारे. कोईमतूरवाल्यांनी आपल्या वाणांना नुसते क्रमांक दिले. इथवर सगळं सभ्य होतं. मग मोबाइल आला, व्हिडिओ आले आणि 'सुपर नेपियर' आलं. पाठोपाठ 'रेड नेपियर'. आणि त्यानंतर जे आलं त्याचं नाव 'फोर जी बुलेट'. मी थट्टा करत नाही. फोर जी बुलेट नावाचं गवत महाराष्ट्रात कांड्यांवर विकलं जातं आणि घेणारे ते घेतात. गवतात फोर जी कशाला, हा प्रश्न मी एका विक्रेत्याला फोनवर विचारला. तो म्हणाला, "सर, वाढीचा स्पीड." फाइव्ह जी केव्हा येणार, हे विचारायचं धाडस झालं नाही, आलंही असेल.

या व्हिडिओंचा साचा ठरलेला असतो. एक माणूस गवतात उभा राहतो. तो दिसत नाही. फक्त त्याचा हात वर येतो आणि आवाज येतो, "बघा मित्रांनो, माझी उंची पाच फूट आठ इंच!" मग कॅमेरा वर जात राहतो. पंधरा फूट. मामांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "म्हशीला माडीवर बसून खायाचंय का?" मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता. नेपियर उंच झालं की खोड लाकूड होतं. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांत आणि पुढच्या दर दीड महिन्याने केली तरच ते खाण्याजोगं राहतं. म्हणजे व्हिडिओत जे दाखवतात ती शेतकऱ्याची दिरंगाई असते.

पाठोपाठ हायड्रोपोनिक चारा आला. मातीशिवाय, ट्रेमध्ये, सावलीत, आठवड्यात तयार. एक किलो मका घाला आणि सहा-आठ किलो हिरवागार चारा घ्या. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचं असतं. कोरडं माप काढलं तर दाण्यातलं थोडं कमीच झालेलं निघतं. हे समजल्यावर मामा म्हणाले, "पाणीच पाजायचं तर हौदावर न्हेतो की." तो विषय आमच्याकडे तेवढ्यावर संपला. चारा म्हणून आणलेल्या अझोल्याची एक टाकी मात्र अजून परसात आहे. त्यात आता बेडूक राहतात.

सल्लागार दारातही येतात. मध्यंतरी दूध संघाकडून एक मुलगा टेप आणि टॅब घेऊन आला. म्हशीच्या छातीचा घेर मोजायचा, लांबी मोजायची, त्यावरून वजन काढायचं, दूध किती, फॅट किती ते भरायचं आणि यंत्र सांगतं की हिरवं किती, वाळलं किती, पेंड किती, खनिज मिश्रण किती. पद्धत चोख आहे. वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा आहार हे गणित जगभर चालतं. फक्त म्हशीला वाटलं झंपर शिवणार आहेत, आणि तिने टेप खाल्ला. मुलाने तेवढा सोडून बाकीची नोंद केली.

तसं जनावराच्या पोटात टेप ही किरकोळ बाब. तारा, खिळे, सुया जातात आणि दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतात. तो कप्पा हृदयाला लागून असतो. म्हणून जगात कित्येक ठिकाणी गाईला लोहचुंबक गिळवून ठेवतात. तो आयुष्यभर तिथे बसून लोखंड गोळा करतो. शहरातल्या गाईंचा आहार तर अभ्यासाचाच विषय आहे. एके काळी त्या भिंतीवरची सिनेमाची पोस्टरं खात. कागद आणि मागे मैद्याची खळ, म्हणजे फार वाईट आहार नव्हता, आणि चित्रपट पडला की दुसऱ्या आठवड्यात ताजं. मग फ्लेक्स आलं. आता वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या बावीस चेहऱ्यांकडे गाय नुसती बघत उभी राहते. खाता येत नाही आणि वाचायची गरज नाही.

दुष्काळात मात्र या विषयावरची मतं एकदम थांबतात. २०१९ साली माण, सांगोला, बीडकडे चारा छावण्या होत्या. मोठ्या जनावराला दिवसाला ९० रुपये अनुदान होतं, ते पुढे १०० झालं, लहानाला ५०. जनावरांच्या कानात बारकोडचे बिल्ले, रोज मोबाइलवर स्कॅन, हजेरी. जनावरामागे आलेला म्हातारा मालक शेजारी बाजेवर झोपायचा; त्याला बारकोड नव्हता. तिथे उसाचे वाढे आले तरी कुणी चघळून बघत नसे. एरवी हेच लोक सांगतात की वाढ्यात ऑक्झलेट असतं, त्याने जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, चुन्याची निवळी शिंपडून घालावं. छावणीत ते फक्त वाढे होते. हजेरीचा एवढा बंदोबस्त कशासाठी, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९९६ साली चाईबासात उघडकीला आलेला बिहारचा चारा घोटाळा आठवावा. न दिलेल्या चाऱ्याची आणि नसलेल्या जनावरांची बिलं ९०० कोटींच्या वर गेली होती, आणि ज्या ट्रकांतून माल नेल्याचं कागदोपत्री दाखवलं होतं त्यांतल्या काहींचे नंबर स्कूटरचे निघाले. देशात चाऱ्यावर एवढी भूक खऱ्या जनावरांनी कधीच दाखवली नाही.

आता शहराकडे येतो. आमच्या धाकटीने ससा पाळला. नाव पिक्सेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा पुण्यात आले तेव्हा ससा दिवाणखान्यात राहतो आणि मामा हॉलमधल्या सोफ्यावर, अशी व्यवस्था होती. म्हणजे दोघे एकाच खोलीत. पहिल्याच संध्याकाळी मामांच्या हाताला गवताची पिशवी लागली. टिमोथी नावाचं गवत. अठराव्या शतकात टिमोथी हॅन्सन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने त्याचा प्रसार केला, म्हणून ते नाव. मामांनी पिशवी हातात तोलली, हुंगली, उघडून एक काडी दाताखाली धरली आणि म्हणाले, "बरं हाय. कितीला?"

धाकटीने किंमत सांगितली.

"शेकडा? स्वस्तच म्हणायचं."

"आजोबा, किलो."

मामांनी तोंडातली काडी काढली आणि अदबीने पिशवीत परत ठेवली. मग पिशवीवरचा मजकूर धाकटीकडून वाचून घेतला. त्यात 'दुसरी कापणी' असं ठळक अक्षरात, प्रतिष्ठेची गोष्ट असल्यासारखं छापलेलं होतं. "म्हंजी खोडवा!" मामा ओरडले. "खोडव्याला ह्यो भाव?"

त्यांना ससा समजावून सांगणं माझ्याकडे आलं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत तर त्याला तोंड मिटता येत नाही. म्हणून त्याच्या आहारातला मोठा वाटा वाळल्या गवताचाच हवा. चित्रांत त्याच्या हातात दिसतं ते गाजर म्हणजे त्याच्या लेखी मिठाई, अधूनमधून, एखादा तुकडा. शिवाय सशाला चार कप्पे नसतात. त्याचं गवत कुजतं ते आतड्याच्या शेवटच्या टोकाला, जिथून सत्त्व शोषून घ्यायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून तो रात्री मऊ लेंड्या टाकतो आणि त्या लगेच स्वतःच खातो, म्हणजे माल दुसऱ्यांदा आतून फिरतो.

मामा बराच वेळ सशाकडे बघत राहिले. "म्हशीची रवंथ वरनं," ते शेवटी म्हणाले, "ह्याची खालनं." या विषयावर मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही. धाकटीने ते वहीत लिहून घेतलं आणि शाळेत सांगितलं. बाईंची चिठ्ठी आली.

पिक्सेलचं स्वतःचं मत तिसऱ्या दिवशी कळलं. वॉशिंग्टन राज्याच्या किटिटास खोऱ्यासारख्या ठिकाणी पिकणारं, उन्हात वाळवून, गठ्ठे बांधून, जहाजात चढवून समुद्रापार धाडलं जाणारं ते उंची गवत त्याने ओलांडलं आणि गॅलरीत जाऊन आमचा फुलझाडू खाल्ला. अर्धा. यात नवल काहीच नाही. फुलझाडू हे डोंगरउतारावर वाढणाऱ्या गवताचे तुरेच असतात, ईशान्येकडून देशभर येतात, आणि त्या गवताचा पाला तिकडे गुरं खातातच. आमच्या मालकिणीला हे वनस्पतिशास्त्र पटलं नाही. मामांना मात्र त्या दिवसापासून ससा आवडू लागला.

गवताच्या या जहाजप्रवासाला सशांपुरतं हसून उपयोग नाही. २०१४ साली अल्माराई या सौदी दुग्धकंपनीने अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात हजारो एकर जमीन घेतली. तिथे जमिनीखालचं पाणी उपसून लसूणघास पिकवायचा, वाळवायचा आणि सौदीच्या वाळवंटातल्या गाईंना पाठवायचा. सौदीत पाणी वाचवायचं म्हणून ॲरिझोनात उपसायचं. तिथल्या लोकांच्या लक्षात यायला थोडी वर्षं गेली. २०२३ साली राज्याने आपल्या मालकीच्या जमिनींचे काही करार संपवले. दोन वाळवंटांनी एकमेकांना हिरवा चारा पुरवावा ही कल्पना सुचायला एमबीएच पाहिजे.

आपल्याकडे हा व्यवहार जवळच्या अंतरात, पण जास्त गुंतागुंतीचा होतो. मुंबईत देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसते. शेजारी गवताच्या पेंढ्या. आपण पैसे द्यायचे, पेंढी घ्यायची, गाईच्या तोंडापुढे धरायची, नमस्कार करायचा. गवत बाईचं, गाय बहुधा गोठेवाल्याची, पैसे आपले, पुण्यही आपलंच. सकाळपासून चाळीस भाविकांनी चारलेली गाय अकराच्या सुमाराला तोंड फिरवते, तेव्हा भाविक तिला आग्रह करतो. "घे गं माते, घे." मागे रांग असते. याच शहरात १८३८ च्या सुमारास इंग्रजांनी चराईवर कर बसवला, तेव्हा सर जमशेदजी जिजीभॉय यांनी वीस हजार रुपये मोजून ठाकूरद्वाराजवळ गुरांसाठी कुरण घेऊन मोकळं सोडलं, अशी हकिगत सांगतात. तिथे, म्हणजे चर्नी रोड स्टेशनच्या आसपास, आज वीस हजारांत गाय बांधण्यापुरतीही जागा मिळणार नाही, उभी केली तर दंड वेगळा.

बाकी पाळीव मंडळींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेजारचा लॅब्रॅडोर महागड्या पाकिटातलं अन्न सोडून सोसायटीची हिरवळ खातो आणि लिफ्टमध्ये ओकतो. मांजरांसाठी 'कॅट ग्रास' म्हणून एक कुंडी विकायला असते. त्यात पेरलेला असतो गहू, नाहीतर ओट. शेळ्यांना मात्र सगळं चालतं हा गैरसमज आहे. शेळी फक्त शेजाऱ्याचं कुंपण आणि आपल्या घरातलं तुळशीचं रोप एवढंच आवडीने खाते, बाकीच्याला वास घेऊन नाकारते. सुबाभूळ दिली तर बेतानं द्यावी. वरातीच्या घोड्याला ती मुळीच देऊ नये, कारण जास्त झाली की त्याची आयाळ आणि शेपटी झडते, आणि नवरदेवाचे फोटो निघायचे असतात.

मामांचं ऑपरेशन चांगलं झालं. परत जायच्या दिवशी पहाटे त्यांना बागेकडे फिरायला नेलं. नव्या डोळ्यांनी ते सगळीकडे बारकाईने बघत होते. फाटकाजवळ गव्हांकुराच्या रसाची गाडी होती. ट्रेमध्ये बोटभर गव्हाचं हिरवंगार गवत. ते मूठभर कापायचं, यंत्रात घालायचं, एवढासा पेला भरायचा. ट्रॅकसूट घातलेली दहा-बारा सुखवस्तू माणसं रांगेत उभी होती. ज्यांना एक कप्प्याचं पोट आहे, ज्यांना हिरव्या काडीतला कठीण भाग जन्मात पचणार नाही, अशी माणसं पैसे देऊन गवत पीत होती आणि प्रत्येक जण पिऊन झाल्यावर तोंड वाकडं करून "छान!" म्हणत होता.

मामा गाडीशी गेले. ट्रे पाहिला, यंत्र पाहिलं, चोथा पडतो ती बादली पाहिली.

"कुट्टी करूनच देता, ते बरं केलंत," ते गाडीवाल्याला म्हणाले. "चघाळ पडत न्हाई."

गाडीवाला आदराने हसला. "काका, एक ग्लास देऊ? शुगर, बीपी, गुडघे, सगळ्याला चालतं."

मामांनी रांगेकडे एकदा नजर टाकली, पुढच्या गृहस्थांचा घेर डोळ्यांनी मोजला आणि विचारलं, "ह्याच्यावर पेंड काय देता?"